कातळावरच्या हिरव्या शेवाळातून उल्वान कसं काढावं, आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी

किनाऱ्यावर हिरवं शेवाळ जिथे सगळ्यांत दाट माजलेलं दिसेल, तिथलं आणू नका. उल्वान ही या शेवाळातली एक बहुशर्करा. तिच्यासारख्या औषधी घटकांसाठी शेवाळ गोळा करायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगतो, कारण पहिल्या वर्षी आम्ही नेमकं उलट केलं होतं. गावातून येणारा व्हाळ समुद्राला मिळतो, त्या तोंडाशी खडपं हिरवीगार झाली होती. विद्यार्थ्यांनी तासाभरात दोन पिशव्या भरल्या. धुतलं, सुकवलं, दळलं. आठवड्याने डबा उघडला तर गटाराचा वास. "सर, हे आपण औषधासाठी काढतोय ना?" एका मुलीने विचारलं. तो डबा आम्ही टाकून दिला.

हे हिरवं शेवाळ उल्वा गटातलं, आणि ते पाण्यातलं नत्र अधाशासारखं खातं. सांडपाणी आलं, शेतातली खतं वाहून आली, की ते फोफावतं. चीनमधल्या चिंगदाओला 2008 च्या ऑलिंपिकच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींआधी समुद्र हिरव्या शेवाळाने झाकून गेला होता, तेही उल्वाच. नत्राबरोबर ते पाण्यातलं शिसं, कॅडमियम, जस्तही अंगात साठवतं. इतकं, की किनाऱ्यावरचं प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ याच शेवाळाचा उपयोग करतात. तेव्हा गाव, बंदर, मासळी कारखाना आणि व्हाळाचं तोंड यांच्यापासून लांबचा, लाटांनी सतत धुतला जाणारा कातळ शोधायचा. तिथे शेवाळ विरळ मिळेल, चालेल.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि दर हिवाळ्यात मुलांकडून हे काम करून घेतो. पुढे लिहिलं आहे ते प्रयोगशाळा हाताशी असलेल्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी. गोळा करणं, ओळखणं आणि सुकवणं एवढा भाग मात्र कुणालाही जमेल.

आत आहे तरी काय

आधी नावाचा घोळ मिटवू. पावसाच्या सुरुवातीला बाजारात येणारी शेवळं ही जमिनीवरची रानभाजी. तिचा याच्याशी काही संबंध नाही. विहिरीच्या पायऱ्यांवरचं बुळबुळीत शेवाळही वेगळं. आपण बोलतोय ते खाऱ्या पाण्यात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर वाढणाऱ्या हिरव्या समुद्रशैवालाबद्दल.

उल्वाच्या पेशीभित्तिकेत उल्वान नावाची बहुशर्करा, म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी, असते. सुक्या शेवाळाच्या वजनात तिचं प्रमाण साधारण 9 ते 36 टक्के, म्हणजे जात, ऋतू आणि काढण्याची रीत यांप्रमाणे चौपट फरक. तिच्या साखळीत रॅम्नोज, झायलोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल आणि इड्युरॉनिक आम्ल गुंफलेलं असतं, आणि त्या साखळीवर जागोजागी सल्फेट चिकटलेलं असतं. यातलं इड्युरॉनिक आम्ल वनस्पतींत फारसं आढळत नाही. ते आढळतं प्राण्यांच्या शरीरात, आणि रक्त गोठू नये म्हणून दवाखान्यात देतात त्या हेपॅरिनमध्ये. हेपॅरिनचा शोध 1916 चा. ते आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून काढतात. सल्फेट लावलेली साखळी, त्यात इड्युरॉनिक आम्ल, असं साम्य दिसल्यावर उल्वान रक्त गोठण्याची क्रिया लांबवतं का, हे तपासण्याचा मोह कुणालाही होणारच. प्रयोगशाळेत ते लांबवतं, हेपॅरिनपेक्षा कमी ताकदीने. शिवाय काही विषाणूंना पेशीत शिरायला अडवणं, प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवणं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तातली चरबी उतरवणं, हेही नोंदलं गेलं आहे. हे सगळं परीक्षानळीतलं आणि उंदरांवरचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उल्वान अजून आलेलं नाही.

उल्वापलीकडेही हिरव्या शेवाळात बघण्यासारखं पुष्कळ आहे. कॉलर्पात कॉलर्पिन हा अल्कलॉइड आणि कॉलर्पेनाइन हे टर्पीन असतं. मखमली हाताला लागणाऱ्या कोडियममध्ये सल्फेटयुक्त बहुशर्करा आणि सायफोनॅक्सँथिन हे रंगद्रव्य असतं. सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट ब्रायोप्सिसची. हवाईच्या समुद्रात ब्रायोप्सिस खाऊन जगणारी एक बिनशिंपल्याची गोगलगाय आहे. 1993 साली तिच्या अंगातून कहालालाइड एफ नावाचं संयुग मिळालं. कर्करोगाच्या पेशींवर ते चाललं, माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं, पण औषध होऊन बाजारात काही आलं नाही. संयुग गोगलगायीचं नाही, ती खाते त्या शेवाळाचं, हे आधी कळलं. मग 2019 मध्ये उलगडलं, की शेवाळही ते बनवत नाही. शेवाळाच्या आत राहणारा एक जिवाणू बनवतो. मुलं "आमच्या शेवाळात अमुक गुण सापडला" असं घाईने लिहायला लागली, की मी त्यांना हीच गोष्ट सांगतो.

ओहोटी गाठणं

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लाटा कातळ खरवडून काढतात. पाऊस सरला की कोवळी पानं धरू लागतात. मार्च उलटला की दुपारच्या ओहोटीत ऊन लागून ती पांढरी पडतात.

दिवस निवडताना तिथी बघा. आपल्याकडचा जुना हिशेब अजूनही कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, सकाळी साडेआठच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप मागे जातं, पण त्या दिवशीची ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमाराला, थंडीच्या दिवसांत अंधारातच. म्हणून द्वितीया, तृतीया, चतुर्थी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात: उधाणाचा जोर अजून असतो आणि उजेडही असतो. अष्टमीच्या आसपास भांग (कमी जोराची भरती-ओहोटी) असतो, पाणी पुरेसं उतरत नाही, तेव्हा जाऊ नका. मालवणकडे वेळ मुंबईच्या जरा आधी येते आणि भरती-ओहोटीतलं अंतरही कमी असतं. वेळ छापील कोष्टकाशी एकदा ताडून घ्या आणि पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधीच कातळावर पोचा.

पाण्याकडे पाठ करून बसू नका. शेवाळ कापण्यात माणूस गुंग होतो. देवगडच्या बाजूला एका सकाळी आम्ही चौघं कातळाच्या टोकाला वाकून बसलो होतो. पलीकडे कालवं काढत असलेली एक म्हातारी आजी कोयती टोपलीत टाकून उठली आणि ओरडली, "मास्तरानू, पाणी भरूक लागला, आता भायर येवा!" मागे वळून पाहिलं तर आलो ती वाट गुडघाभर पाण्याखाली गेली होती. तेव्हापासून आमच्यातला एक जण फक्त पाण्यावर नजर ठेवतो. पायात रबरी तळाचे बूट घाला. हिरव्या कातळावर चप्पल टिकत नाही आणि कालवाची कड पाय कापते.

परवानगीचंही बघा. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं पानही तोडायचं नाही. इतरत्र अभ्यासापुरतं मूठभर नेणं वेगळं आणि विक्रीसाठी नेणं वेगळं. व्यापारासाठी न्यायचं तर 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे राज्य जैवविविधता मंडळाकडे जावं लागतं. गावच्या जैवविविधता समितीला आधी सांगून ठेवणं हा शहाणपणा आणि रीतही.

ओळख पटवणं

पातळ, ओल्या पतंगाच्या कागदासारखं, हातात धरलं तर पलीकडचं बोट दिसेल असं हिरवं पान म्हणजे उल्वा लॅक्टुका. तसंच पान पण लांब पट्ट्यांत फाटलेलं, कडा लाटेसारख्या, तर बहुधा उल्वा फॅसिआटा. पोकळ नळीसारखं, आत हवेचे बुडबुडे अडकलेले, तर उल्वा इंटेस्टिनॅलिस. जुन्या पुस्तकांत हे नळीवालं एंटेरोमॉर्फा नावाने सापडेल. 2003 मध्ये ती प्रजाती उल्वातच घातली गेली. जुने लेख शोधताना दोन्ही नावांनी शोधा. केसांसारखे राठ, न फुटलेले धागे असतील तर कीटोमॉर्फा. आडवं सरपटणारं खोड आणि त्यावर उभी पिसं किंवा हिरव्या द्राक्षांसारखे मणी असतील तर कॉलर्पा.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. पानाचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा: पानवाल्या उल्वात पेशींचे दोन थर एकमेकांना चिकटलेले दिसतात, नळीवाल्यात एकच. नेमकी जात मात्र उल्वात आकारावरून ठरवणं धोक्याचं, कारण तेच शेवाळ लाटांच्या जागी एक रूप घेतं आणि शांत डबक्यात दुसरं. डीएनए तपासणीची सोय नसेल तर वहीत "उल्वा, जात अनिश्चित" असं लिहा. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

प्रत्येक ठिकाणचा एक नमुना कागदावर चढवून ठेवाच. पसरट ताटात समुद्राचं पाणी घ्या, जाड कागद पाण्याखाली सरकवा, शेवाळ त्यावर तरंगू द्या, चित्राच्या कुंचल्याने पान उलगडा आणि कागद हळूच तिरका करून वर उचला. वर मलमलचा तुकडा, खाली-वर वर्तमानपत्रं, त्यावर वजन. दोन दिवस कागद बदलत राहा. गोंद लागत नाही. शेवाळ स्वतःच्याच चिकाने कागदाला कायमचं बसतं. हातात पहिल्यांदा असा कागद धरलेल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. कागदावर तारीख, तिथी, ठिकाण, कातळाची पातळी आणि नमुन्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहा. शाई पुसते.

कापणं, धुणं, सुकवणं

उपटू नका. कात्रीने बुडापासून दोन बोटं वर कापा, म्हणजे कातळाला धरलेला भाग राहतो आणि पान पुन्हा फुटतं. एका जागेचं एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नका. त्या पानांच्या आडोशाला माशांची पिल्लं आणि कुर्ल्यांची पोरं असतात. पानाची कड पिवळसर-तपकिरी किंवा रंग उडालेली दिसली, तर ते शेवाळ बीजाणू सोडण्याच्या तयारीत आहे किंवा सोडून झालं आहे. असं पान सोडून द्या. सबंध हिरवं, ताठ पान घ्या.

धुण्याचं पहिलं पाणी समुद्राचंच. बादलीत बुडवून हलवलं की वाळू, बारीक गोगलगायी, उड्या मारणारे किडे खाली बसतात. दोन-तीनदा तसं केल्यावरच गोड्या पाण्यातून काढायचं, तेही झटकन, तांदूळ धुतल्यासारखं. गोड्या पाण्यात भिजत ठेवलं तर पेशी फुगून फुटतात आणि हवं ते पाण्याबरोबर निघून जातं. पानावर चिकटलेलं दुसरं बारीक शेवाळ असेल तर ते बोटांनी काढा. हे कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई केली तर पुढे आपण नक्की कशाचा अर्क काढला हे कुणालाच सांगता येत नाही.

सुकवायचं सावलीत. आमसुलं, सुकी मासळी उन्हात घालायची आपल्याला इतकी सवय, की पहिला हात अंगणाकडेच जातो. उन्हात हरितद्रव्य उडतं, भुकटी वाळक्या गवताच्या रंगाची होते. नायलॉनच्या जाळीवर, पंख्याखाली, पातळ थर पसरा आणि दोन-तीनदा उलटा. जवळ मासळी सुकत असेल तर शेवाळ तो वास लगेच धरतं. कागदासारखा चुर्रकन मोडला की झालं. ओव्हन असेल तर शेवटी 40 अंशांवर काही तास. ताज्या 1 किलोचं सुकं 150 ग्रॅमच्या आसपास भरतं. मिक्सरमध्ये थांबत-थांबत दळा, भांडं तापू देऊ नका, वस्त्रगाळ करा आणि हवाबंद काळ्या बाटलीत भरा. बाटलीवर नमुन्याच्या कागदावरचाच क्रमांक.

दोन अर्क, एकामागून एक

एकाच भुकटीतून दोन वेगळ्या गोष्टी काढायच्या आहेत: अल्कोहोलमध्ये विरघळणारे छोटे रेणू आणि गरम पाण्यात उतरणारं उल्वान. क्रम हाच ठेवा. आधी पाण्याचा काढला तर रंग आणि चरबी उल्वानला चिकटून येतात, मग आयुष्यभर ते हिरवटच राहतं.

50 ग्रॅम भुकटी अर्धा लिटर 80 टक्के इथेनॉलमध्ये झाकून रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. सकाळी गाळा. चोथा फिकट होईपर्यंत एक-दोनदा पुन्हा करा. गाळलेला द्रव गर्द हिरवा येतो. खोली अंधारी करून त्यावर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा: हिरवा द्रव रक्तासारखा लालभडक उजळतो. हरितद्रव्य घेतलेला प्रकाश लाल करून परत फेकतं. हिरवा अर्क काळ्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा. यात हरितद्रव्य, कॅरोटिनॉइड, फिनॉलिक द्रव्यं आहेत. कॉलर्पा घेतलं असेल तर कॉलर्पिनसारखी संयुगंही अशा सेंद्रिय द्रावणांच्या अर्कातच शोधतात.

इथेनॉलजवळ ज्योत नको, स्विचची ठिणगी नको. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट वापरू नका. त्यात विषारी मिथेनॉल मिसळलेलं असू शकतं. शुद्ध इथेनॉल महाविद्यालयाला उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर मिळतं.

आता चोथा. तो हवेवर ठेवून अल्कोहोलचा वास पूर्ण जाऊ द्या. मग 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात घालून वॉटर बाथवर 80 ते 90 अंशांत 2 तास ढवळत ठेवा. उकळी येऊ देऊ नका. एकदा वेळ वाचवायला थेट शेगडीवर खळाखळा उकळलं, तर भांड्यात काळपट खळ झाली आणि ती कुठल्याच कापडातून उतरेना. जास्त आचेने साखळ्या तुटतातही. गरम असतानाच चौपदरी मलमलीतून पिळून घ्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. यंत्र नसेल तर रात्रभर फ्रिजमध्ये निवू द्या आणि वरचं अलगद ओता. हे पाणी पिवळसर, बोटांना किंचित बुळबुळीत लागतं. मंद आचेच्या वॉटर बाथवर आटवून पाव लिटर करा.

पुढचा क्षण या सगळ्या कामातला माझा सर्वांत आवडता. आटवलेल्या द्रावाच्या तिप्पट, बर्फासारखं गार केलेलं इथेनॉल मोठ्या बीकरमध्ये घ्या आणि ढवळत-ढवळत त्यात आपला द्राव बारीक धारेने सोडा. धार जिथे पडते तिथे आधी धुरासारखा ढग उठतो, मग त्यात पांढरे धागे दिसू लागतात, आणि बघता-बघता भिजलेल्या कापसासारखे पुंजके वर तरंगतात. काच-कांडीभोवती ते गुंडाळले जातात. रात्रभर 4 अंशांवर ठेवा, सकाळी गाळा, इथेनॉलने एकदा धुवा.

इतक्यावर थांबलात तर तुमच्या हातात उल्वान आणि समुद्राचं मीठ यांचं मिश्रण आहे. पुंजके थोड्या पाण्यात पुन्हा विरघळवून डायलिसिसच्या नळीत भरा, दोन्ही टोकं घट्ट बांधा आणि डिस्टिल्ड पाण्याच्या भांड्यात 48 तास सोडा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. मीठ बाहेर जातं, लांब साखळ्या आत राहतात. मग फ्रीझ ड्रायर असेल तर त्यात, नसेल तर पसरट काचेत 45 अंशांवर सुकवा. हाती येतं ते पांढरट, कधी बदामी, हलकंफुलकं. वजन करा, 50 ग्रॅमशी टक्केवारी काढा. पहिल्या खेपेला ती 9 टक्क्यांच्या खाली आली तर खट्टू होऊ नका. गाळताना बरंच जातं. 36 च्या वर आली तर मात्र मीठ राहिलं आहे असं समजा.

उरलेला चोथा माडाच्या आळ्यात घाला.

हे उल्वानच आहे कशावरून

एक साधी चाचणी आधी करा. थोडी भुकटी पाण्यात विरघळवा आणि आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आलं आहे. हिरवं शेवाळ झाडांसारखंच अन्न स्टार्चच्या रूपात साठवतं, आणि गरम पाण्यात तेही उतरतं. अमायलेज विकराने ते तोडून पुन्हा डायलिसिस करावं लागतं.

मग सल्फेट. इथे जवळजवळ प्रत्येक गट फसतो. समुद्राच्या पाण्यात स्वतःचंच सल्फेट भरपूर असतं, त्यामुळे बेरियम क्लोराइड टाकलं की पांढरं होतं आणि मुलं खूश होतात. चाचणी दोन नळ्यांत करा. पहिल्या नळीत भुकटीचं साधं द्रावण आणि बेरियम क्लोराइड: हे नितळ राहायला हवं. दुसऱ्या नळीतली भुकटी आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही तास तापवा, म्हणजे साखळीला जोडलेलं सल्फेट सुटं होतं. मग बेरियम क्लोराइड टाका. आता दूध फाटल्यासारखं पांढरं आलं पाहिजे. पहिली नितळ आणि दुसरी पांढरी, तरच सल्फेट उल्वानचं. दोन्ही पांढऱ्या आल्या तर नळी परत डायलिसिसला लावा. बेरियमचं क्षार विषारी आहे, बेसिनमध्ये ओतू नका.

एकूण शर्करा फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या रीतीने 490 नॅनोमीटरवर मोजा. त्यात तीव्र आम्ल आणि फिनॉल दोन्ही आहेत, तेव्हा शिक्षक शेजारी असल्याशिवाय नको. विद्यापीठात एफटीआयआर यंत्र (अवरक्त किरणांनी रेणूतले गट ओळखणारं) असेल तर आलेखावर 1250 सेमी⁻¹ च्या आसपासची पट्टी सल्फेटची आणि 1600 च्या आसपासची युरॉनिक आम्लाची. दोन्ही ठळक असतील तर निर्धास्त पुढे जा.

गुण तपासताना

अँटिऑक्सिडंट गुण मोजणारी डीपीपीएच चाचणी सगळे करतात, कारण ती सोपी: जांभळा रंग पिवळा होतो, 517 नॅनोमीटरवर मोजायचं. शेजारी तुलनेला क जीवनसत्त्व ठेवलंच पाहिजे. त्याच्या तुलनेत उल्वान बरंच दुबळं दिसतं. आकडे जसे आले तसे लिहा.

जिवाणूरोधक चाचणीत अर्कात भिजवलेली कागदाची चकती जिवाणू वाढवलेल्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) ठेवतात. उल्वानचा रेणू अवाढव्य, तो अगारमधून सरकतच नाही. त्यामुळे चकतीभोवती मोकळी जागा दिसली नाही याचा अर्थ गुण नाही असा होत नाही. ही चाचणी त्याच्यासाठी योग्यच नाही. हिरव्या अल्कोहोल अर्काला ती चालते, पण नुसत्या इथेनॉलची चकती बाजूला हवी, नाहीतर जिवाणू अल्कोहोलने मेले की अर्काने हे कळणार नाही. आमच्याकडे आम्ही बॅसिलस सबटिलिससारखा निरुपद्रवी जिवाणू वापरतो. रोगजंतू महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आणू नयेत. रक्त गोठण्याच्या चाचण्याही, पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा आणि नैतिकता समितीची मंजुरी असल्याशिवाय नाहीत.

प्रतिकारशक्तीवरच्या प्रयोगांबाबत एक गोष्ट मनापासून सांगतो. समुद्रातल्या पानावर जिवाणू असतातच. त्यांच्या भित्तिकेतलं एंडोटॉक्सिन गरम पाण्यातून जातं, इथेनॉलमधून जातं, डायलिसिसमध्येही मागे राहतं, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना अत्यल्प मात्रेत चेतवतं. त्यामुळे "आमच्या अर्काने पेशी चेतल्या" हे म्हणण्याआधी अर्कातलं एंडोटॉक्सिन मोजलेलं असलं पाहिजे. न मोजता काढलेल्या निष्कर्षांवर मी विद्यार्थ्यांना सही देत नाही.

पोटात घ्यावं का

गावात कुणीतरी विचारतंच: सर, शुगरवर चालेल का, गाठीवर चालेल का? आपल्या आजारी माणसासाठी विचारणाऱ्याला मी स्पष्ट नाही म्हणतो, आणि चालू असलेलं औषध थांबवू नका असं दोनदा सांगतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, थायरॉइडचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर प्रयोग म्हणूनही नको. समुद्रशैवालात आयोडीन असतं आणि उल्वान रक्ताच्या गोठण्यात हात घालू शकतं. जपान, हवाई, फिलिपाइन्समध्ये हिरवं शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या खातात हे खरं. तिथे ते अन्न आहे, स्वच्छ पाण्यातून निवडलेलं. आपल्या कातळावरचं खायचं म्हटलं तर जड धातूंचा अहवाल आधी हवा. आणि पुडी बांधून "अमुक रोगावर" म्हणून विकणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. बचत गटांनी या फंदात पडू नये, कितीही आग्रह झाला तरी.

कोकणात याचा सर्वांत जवळचा उपयोग मला माणसाच्या औषधात दिसत नाही, झाडाच्या औषधात दिसतो. उल्वान बुरशीला थेट मारत नाही. ते पानाला भास देतं की हल्ला झाला आहे, आणि झाड स्वतःची प्रतिकारयंत्रणा आधीच जागी करतं. घेवड्यासारख्या पिकांवर करप्याच्या बुरशीविरुद्ध हे दिसलं आहे. आंब्याच्या मोहोरावर आणि फळावर काळे डाग पाडणारा करपाही त्याच कोलेटोट्रायकम नावाच्या बुरशीच्या प्रजातीतला.

हे करून बघायचं असेल तर बागेतल्या बाकीच्या सगळ्या झाडांवर कृषी विद्यापीठाने सांगितलेलं फवारणीचं नेहमीचं वेळापत्रक चालू राहू द्या. फक्त दोन झाडं प्रयोगाला काढा, उत्पन्नाची आशा सोडून. 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम उल्वान विरघळवा. प्रत्येक झाडाच्या पूर्वेकडच्या तीन आणि पश्चिमेकडच्या तीन फांद्यांना लाल फीत बांधा, त्यांच्यावर मोहोर फुटण्याआधी एकदा आणि फळ वाटाण्याएवढं झाल्यावर एकदा फवारा. तितक्याच फांद्यांना पांढरी फीत बांधून नुसतं पाणी फवारा. फळं काढताना दोन्ही फितींची वेगळ्या क्रेटमध्ये काढा, आठ दिवस पेंढ्यात पिकू द्या, आणि कुठली क्रेट कुठल्या फितीची हे ज्याला माहीत नाही अशा माणसाकडून डाग मोजून घ्या.